वेसण सुटल्यानंतर

बीदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांच्या ज्या सरहद्दीवर मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू या चारही भाषा एकाच आठवडी बाजारात सुखाने नांदतात, त्या आमच्या मुलुखात, बीदरलगतच्या कोळारपासून भालकी-बसवकल्याणपर्यंत आणि तिकडे आळंदपर्यंत, खरिपाची खळी उरकून जत्रांचा हंगाम सुरू झाला, म्हणजे दरवेशी येत असत. हुमनाबादेजवळ माणिकनगरला दत्तजयंतीचा उत्सव असो, मैलारला खंडोबाची यात्रा असो, की गुलबर्ग्याला ख्वाजा बंदेनवाजांचा उरूस असो, दरवेश्याला सगळे दरबार सारखेच होते. खांद्याला झोळी, एका हातात डुगडुगी, दुसऱ्या हातात काठी आणि दोरीचे टोक, आणि त्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला मान खाली घालून चालणारे, काळ्याभोर राठ केसांचे अस्वल, असा तो सरंजाम गावच्या वेशीत शिरला, की पोरांचा घोळका मागे लागे. रात्री दचकून उठणाऱ्या मुलाला आई अस्वलाच्या पाठीवर बसवी. दरवेशी अस्वलाच्या अंगावरचा एक केस उपटून देई, तो ताइतात मढवून मुलाच्या दंडाला बांधला जाई, आणि त्याच्या मोबदल्यात पसाभर ज्वारी झोळीत पडे. हिंदूच्या घरातली भीती मुसलमान दरवेश्याच्या अस्वलाने घालवावी, यात कोणाला काही वावगे वाटत नसे. आमच्या मुलुखाचा तो स्वभावच होता.

या सगळ्या देवघेवीत एका गोष्टीकडे मात्र कोणाचे लक्ष जात नसे. ती दोरी कोठे बांधलेली आहे, हे कोणी वाकून पाहत नसे. ती गळ्यात नव्हती. ती अस्वलाच्या नाकाडातून, वरच्या बाजूच्या हाडामांसातून, आरपार ओवलेली होती. आणि डुगडुगीच्या तालावर ते जनावर जे मागल्या पायांवर उभे राहून डोलत असे आणि ज्याला आपण सारे नाच म्हणत होतो, ते वर ओढल्या गेलेल्या दोरीची कळ कमी व्हावी म्हणून चाललेले त्याचे उचलणे आणि झुलणे होते.

ही प्रथा आता भारतात संपली आहे. ती कशी संपली, आणि तिच्यातून सुटलेल्या जनावरांचे आणि माणसांचे पुढे काय झाले, हे पाहावे म्हणून मी बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टा येथील अस्वल पुनर्वसन केंद्रात गेलो. तेथे वाटाड्याच्या सोबतीने अर्ध्या दिवसात जे पाहिले आणि त्यामागचा जो इतिहास समजून घेतला, तो आमच्या भागातील वाचकांपुढे ठेवणे मला अगत्याचे वाटते. कारण दरवेश्याच्या झोळीत ज्यांनी पसाभर ज्वारी टाकली, त्या घरांपैकी एक घर माझेही आहे.

*

प्रथम कायद्याची हकिकत सांगितली पाहिजे. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ साली झाला आणि रानातले अस्वल धरणे व बाळगणे बेकायदा ठरले. त्याच्याही आधी, १९६० साली, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झालेला होता. त्याच्या बाविसाव्या कलमाने केंद्र सरकारला असा अधिकार दिला होता, की ज्या प्राण्यांचे खेळ करणे अनुचित वाटेल त्यांची नावे राजपत्रात प्रसिद्ध करून ते खेळ बंद पाडावेत. या अधिकारान्वये ऑक्टोबर १९९८ मध्ये अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह या पाच प्राण्यांना खेळासाठी शिकवण्यास आणि त्यांचे प्रदर्शन करण्यास मनाई करणारी अधिसूचना निघाली. सर्कसवाल्यांनी तिला आव्हान दिले, आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

म्हणजे कायद्याच्या दप्तरात कोठेही उणीव राहिली नव्हती. तरीही १९७२ नंतर पंचवीस-तीस वर्षे आमच्या जत्रांतून अस्वले डोलतच राहिली, आणि याचे कारण केवळ अंमलदारांची बेपर्वाई हे नव्हते. एखाद्या शिपायाने दरवेश्याला धरले, पंचनामा केला, जनावर जप्त केले, तर पुढे ते ठेवायचे कोठे? ठाण्याच्या आवारात अस्वल बांधता येत नाही. प्राणिसंग्रहालयात जागा नसते. आणि ज्याचे सुळे पाडलेले आहेत व नखे छाटलेली आहेत, असे जनावर रानात सोडणे म्हणजे त्याला उपासमारीच्या हवाली करणे होय. दुसरीकडे, त्या दरवेश्याच्या पालात पाच-सात खाणारी तोंडे असतात. पिढ्यान् पिढ्या त्याला ना जमीन, ना दुसरा धंदा, ना शाळेचा उंबरठा ठाऊक. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत अस्वलवाले-दरवेशी अशी नोंदच आहे, म्हणजे सरकारनेही त्याची ओळख अस्वलावरूनच लिहून ठेवलेली. त्याचे अस्वल नेले, तर तो दुसरे पिल्लू आणणार, हे उघड होते; आणि एक पिल्लू आणायचे म्हणजे रानात बहुधा त्याची आई मारली जाणार, हेही तितकेच उघड होते. अस्वलाला जागा नाही आणि माणसाला धान्य नाही, या दोन अभावांच्या मधल्या फटीतून कायदा निसटून जात होता.

ती फट बुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने ‘वाइल्डलाइफ एसओएस’ या संस्थेकडे जाते. कार्तिक सत्यनारायण आणि गीता शेषमणी या दोघांनी १९९५ साली तिची स्थापना केली. दरवेश्यांच्या, उत्तरेत ज्यांना कलंदर म्हणतात त्यांच्या, वस्त्यांवर जाऊन, त्यांच्यात बसून-उठून, त्यांच्या उत्पन्नाची आणि देण्याघेण्याची माहिती गोळा करून, या मंडळींनी जो मार्ग काढला तो सरळ होता. दरवेश्याने अस्वल स्वखुशीने द्यावे, पुन्हा दुसरे धरणार नाही असे लिहून द्यावे, आणि त्याबदली त्याला नवा धंदा उभारण्यास भांडवल मिळावे, त्याची मुले शाळेत जावीत, घरातल्या बायकांना शिवणकामासारखे मिळकतीचे साधन मिळावे, अशी ती तजवीज होती. अस्वलांसाठी वनखात्याच्या सहकार्याने आग्र्याजवळ कीठमच्या सूर सरोवर अभयारण्यात पहिले केंद्र उभे राहिले आणि २००२ च्या डिसेंबरात तेथे पहिली अस्वले आली. पाठोपाठ भोपाळला वनविहारात, बंगालात पुरुलियाला, आणि दक्षिणेतल्या अस्वलांसाठी २००५ साली बन्नेरघट्ट्याला अशीच केंद्रे निघाली. सहाशेंहून अधिक अस्वले या मार्गाने सुटली. त्यांच्या मालिकेतले शेवटचे, राजू नावाचे, डिसेंबर २००९ मध्ये स्वाधीन झाले, आणि तेही येथेच, कर्नाटकात, बन्नेरघट्ट्यात. तीस वर्षे जे कायद्याला साधले नाही, ते कायद्याला भाकरीची जोड मिळताच सात वर्षांत साधले.

*

बीदरहून रात्रीच्या गाडीने निघाले, की सकाळी बंगळूर येते. तेथून दक्षिणेस वीस-बावीस किलोमीटरांवर बन्नेरघट्टा. १९७४ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या या जंगलाच्या कडेला जैविक उद्यान आहे आणि त्याच्याच इलाख्यात अस्वलांचे केंद्र. येथे वाट्टेल त्याने वाट्टेल तेव्हा यावे अशी मुभा नाही. आगाऊ परवानगी घ्यावी लागते, आणि केंद्रातला माणूस बरोबर घेऊनच फिरावे लागते. आमच्या सोबतीला जो तरुण होता त्याने फाटकातच तीन गोष्टी बजावल्या: आवाज चढवायचा नाही, खायला काही द्यायचे नाही, आणि अस्वल जवळ आले नाही तर त्याला बोलवायचे नाही. तिसरी अट ऐकून मला फार बरे वाटले. ज्या जनावराने सारे आयुष्य माणसाच्या हुकमावर उठण्याबसण्यात घालवले, त्याला निदान येथे तरी कोणी हाक मारू नये, यात त्या केंद्राचे सारे धोरण आले.

पहिला टप्पा स्वयंपाकघराचा. मोठ्या पातेल्यांत नाचणी आणि इतर भरड धान्यांची घट्ट लापशी शिजत होती. तिच्यात थोडा मध पडतो. शेजारी फळे चिरण्याचे काम चालले होते. सुळे गमावलेल्या अस्वलाला कठीण पदार्थ फोडता येत नाही, म्हणून अन्न मऊ. आणि म्हातारपणी यकृत व सांधे कुरकुरू लागतात, म्हणून कोणाच्या भांड्यात औषध, तर कोणाच्या भांड्यात फळांचे प्रमाण कमी. प्रत्येक अस्वलाची चोपडी वेगळी. दाखल झाल्याचा दिवस, वजन, दातांची अवस्था, नाकावरच्या जखमेचे वर्णन, झालेले उपचार, सारे तिच्यात टिपलेले असते.

दरवेश्याकडून नवे अस्वल आले की त्याला प्रथम विलग ठेवत, कारण बाजारांतून आणि गर्दीतून फिरलेल्या या जनावरांपैकी अनेकांना माणसांकडून क्षयाची बाधा झालेली असे. मग त्याला भूल देऊन दोरी कापत. ही दोरी कापण्याची क्रिया क्षणाची असली, तरी तिच्यामागची जखम वर्षानुवर्षांची असे. पिल्लू काही महिन्यांचे असतानाच तापवलेल्या लोखंडी सळईने, कसलीही भूल न देता, त्याचे नाकाड भोसकले जाई; भोक बुजू नये म्हणून त्यात दोरी ओवून ठेवत; पुढे सुळे पाडत, नखे छाटत, आणि नर असेल तर त्याचे खच्चीकरण करत. दोरी हलत राही, जखम चिघळत राही, तिच्यात किडे पडत.

आणि नेमके नाकाडच का, याचा विचार अस्वलाची शरीररचना ध्यानात घेऊन केला, म्हणजे या क्रौर्याची खोली कळते. आपल्याकडचे हे अस्वल मुख्यत्वे वाळवी आणि मुंग्या खाऊन जगते. युरोपातल्या जॉर्ज शॉ या प्राणिशास्त्रज्ञाने १७९१ साली त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा त्याची लांब वाकडी नखे आणि वरच्या जबड्यातले नसलेले दात पाहून त्याने त्याला दक्षिण अमेरिकेतल्या स्लॉथ या झाडावर लोंबकळणाऱ्या प्राण्याच्या कुळातलेच समजले होते. ते दात पडलेले नसतात. वरचे मधले दोन दात त्याला निसर्गतःच नसतात. नखांनी वारूळ फोडायचे, नाकपुड्या मिटून घ्यायच्या, लांब लवचिक ओठांची नळी करून त्या दातांच्या फटीतून आधी फुंकर मारून माती उडवायची, आणि मग जोराने श्वास ओढून वाळवी आत घ्यायची, अशी त्याची जेवणाची रीत आहे. डोळे मंद आणि कान सामान्य असलेल्या या प्राण्याचे सारे जग वासावर उभे असते. नाकाड हे त्याचे अवजार, नाकाड हीच त्याची दृष्टी. आणि माणसाने वेसण घातली ती त्याच जागी.

ती रीत मी फार जवळून पाहिली. विद्युत्-कुंपणाच्या आत, झाडांच्या सावलीत, एक वयस्क मादी एका ओंडक्यापाशी बसलेली होती. त्या ओंडक्याला भोके पाडून त्यांत मध भरलेला असतो, हेतू हा, की अन्न आयते पुढे न येता ते शोधण्याचा उद्योग तिला करावा लागावा. तिच्या नाकाडाच्या वरच्या बाजूला केस नव्हते. तेथे मांस दोन्हीकडून ओढले जाऊन मध्ये खाच राहिली होती, आणि त्या खाचेमुळे तिचा वरचा ओठ एका बाजूला किंचित उचललेला होता. तिने पंजाने ओंडका गोल फिरवला, भोकाला ओठ लावले, आणि एकदम लोहाराचा भाता चालावा तसा मोठा आवाज सुरू झाला: फुंकर, ओढ, फुंकर, ओढ. ओठ एका बाजूने नीट मिटत नसल्यामुळे तिची हवा निसटत होती. ती थांबे, तोंडाचा कोन बदले, पुन्हा लावे. अखेरीस तिला नेमका कोन सापडला आणि ती बराच वेळ डोळे मिटून मध ओढत राहिली. तिला तो कोन कोणी शिकवला नव्हता. फाटलेल्या अवजाराने काम कसे साधायचे, हे तिने आपले आपण शोधून काढले होते.

त्याच कुंपणाच्या पलीकडे दुसरे एक अस्वल मात्र उभे राहून, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत, मुंडी डावी-उजवीकडे हलवत होते. जवळ ना दोरी, ना डुगडुगी. आमच्या वाटाड्याने सांगितले, की पूर्वीपेक्षा हे पुष्कळ कमी झाले आहे, आणि खेळणी, झुले, पाण्याचे हौद, उकरायला मातीचे ढीग असे काही ना काही पुढे ठेवले की ते विसरते. पण पूर्णपणे जात नाही.

*

तेथे अस्वलांची देखभाल करणाऱ्यांत पूर्वीच्या दरवेशी घराण्यांतली माणसेही आहेत. त्यांपैकी एका वृद्ध सेवकाशी बोलण्याचा योग आला. आमच्याच भागातली दखनी त्यांच्या तोंडी ऐकली, तेव्हा परकेपणा उरला नाही. मी विचारले, “चाचा, अस्वल दिले तेव्हा वाईट वाटले?” ते म्हणाले, “साहेब, घरात आई रडली. तिच्या हातची भाकरी खाऊन मोठे झालेले जनावर ते.” त्यांनी पुढे जे सांगितले त्यात लपवाछपवी नव्हती. नाकाड टोचण्याचे काम त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवले होते आणि वडिलांना आजोबांनी. गुराला वेसण घालतात तशीच ही वेसण, असे त्यांना वाटे. जनावराला मारून नव्हे, पोटच्या पोरासारखे वागवून आपण वाढवले, असे ते आजही मानतात, आणि त्याच वेळी, भूल देऊन दोरी कापताना आतला पू पाहिला त्या रात्री आपल्याला जेवण गेले नाही, असेही सांगतात. त्यांची नात आता शाळेत जाते. तिने अस्वलाचा खेळ पाहिलेला नाही.

माया आणि क्रौर्य एकाच घरात, एकाच हातात, इतकी वर्षे शेजारी राहू शकतात, ही गोष्ट मान्य करायला जड जाते. पण ती मान्य केल्याशिवाय हे काम झाले नसते. ज्यांनी दरवेश्याला केवळ गुन्हेगार मानले, त्यांच्या हाती फक्त पंचनामे राहिले. आणि ज्यांनी त्याला केवळ परंपरेचा वारस म्हणून गौरवले, त्यांनी अस्वलाकडे पाठ फिरवली. दरवेशी आणि अस्वल या दोघांचेही दुःख एकाच दोरीला बांधलेले आहे, हे ज्यांनी ओळखले, त्यांनाच ती कापता आली. आणि जत्रेत पैसा टाकणारे आपणही त्या दोरीच्या बाहेर नव्हतो.

*

पुनर्वसन म्हटले, की जनावर बरे होऊन रानात परतेल, अशी आपली अपेक्षा असते. बोर्निओच्या बेटावर ओरांगउटानांच्या बाबतीत तसे प्रयत्न फार वर्षे चालू आहेत. मलेशियातल्या साबा प्रांतात सेपिलोक येथे १९६४ साली असे केंद्र निघाले. तेथे जाणारे प्रवासी उंच मचाणावर फळे ठेवण्याच्या वेळी दुरून ही वानरे पाहतात. ओरांगउटानाचे पिल्लू सात-आठ वर्षे आईबरोबर राहते आणि झाडावर चढणे, फळ ओळखणे, रात्रीसाठी फांद्यांचे घरटे विणणे हे सारे तिच्यापासून शिकते. आई मारली गेली तर हे शिक्षण माणसाला द्यावे लागते, आणि ते पुरे झाले, की त्यांतली कित्येक पुन्हा अरण्यात सोडता येतात. विशेष म्हणजे दरवेश्यांच्या अस्वलांसाठी ज्या ब्रिटिश संस्थेने आपल्याकडे हातभार लावला, त्या इंटरनॅशनल ॲनिमल रेस्क्यूनेच पुढे इंडोनेशियात केतापांग येथे ओरांगउटानांचे केंद्र उभारले.

पण तेथील अनाथ पिल्लाचे केवळ शिक्षण हिरावलेले असते. आपल्या या अस्वलांचे शरीरच मोडलेले आहे. सुळ्यांवाचून ते दुसऱ्या अस्वलाशी झुंजू शकत नाही, छाटलेल्या नखांनी वारूळ फोडू शकत नाही, आणि माणसाचा वास आला की पळण्याऐवजी जवळ येते. त्यांना अरण्यात सोडणे ही दया ठरणार नाही. म्हणून येथील पुनर्वसनाचा अर्थ मरेपर्यंतचा आश्रय असा आहे: पोटभर अन्न, झाडाची सावली, आपल्या जातीच्या इतर प्राण्यांची संगत, आणि कोणाच्याही हुकमाविना उठण्याबसण्याची मोकळीक. हिरावलेले सगळे परत देता येत नाही. जेवढे देता येते तेवढे चोखपणे द्यायचे, हा या कामाचा धर्म आहे.

हिरावले काय गेले, याची कल्पना यावी म्हणून परतीच्या वाटेवर होसपेटला उतरून दरोजीचे अभयारण्य पाहिले. हंपीपासून पंधरा-वीस किलोमीटरांवर, प्रचंड शिळांच्या टेकड्यांचा हा प्रदेश १९९४ साली खास अस्वलांसाठी राखला गेला. दुपार कलली, की वनखात्याचे लोक समोरच्या खडकांवर गूळ-मधाचे मिश्रण लावून ठेवतात आणि पाहणारे दूरच्या मनोऱ्यावर गप्प बसतात. उन्हे उतरल्यावर गुहांतून अस्वले खाली येऊ लागली. एका मादीच्या पाठीवर दोन पिल्ले होती. पिल्लांना पाठीवर वाहून नेण्याची ही चाल अस्वलांच्या साऱ्या जातींत याच एका जातीत नित्याची आहे. पाठीवरचे लांब राठ केस पिल्लांना घट्ट धरता यावेत असेच असतात. आपण ज्या केसांचे ताईत केले, त्या केसांचे निसर्गाने योजलेले काम हे होते.

*

जगभर आता ही अस्वले वीस हजारांहून कमी उरली असावीत असा अंदाज आहे, आणि त्यांतली बहुसंख्य भारतात आहेत. डुगडुगीचे संकट टळले, दगडाचे आले. ज्या खडकाळ टेकड्यांच्या कपारींत ती राहतात, त्याच टेकड्या ग्रॅनाइटसाठी फोडल्या जात आहेत, आणि बोर, जांभूळ, उंबर, बहावा यांचे रान जसे विरळ होते तशी ती भुईमुगाच्या आणि मक्याच्या शेतांत उतरतात. मग माणसे जखमी होतात आणि अस्वले मारली जातात. या नव्या भांडणातही पक्ष दोनच आहेत, अन्नाला मुकलेले जनावर आणि पिकाला मुकलेला शेतकरी. आणि येथेही, दरवेश्यांच्या प्रकरणाने शिकवले तेच खरे आहे, की एकाची सोय लावून दुसऱ्याला वाऱ्यावर सोडले तर कायद्याचा कागद पुन्हा कागदच राहील. पिकाची नुकसानभरपाई वेळेवर मिळणे, टेकडीचा खाणपट्टा देण्यापूर्वी तिच्यात कोण राहते हे पाहणे, पाणवठे राखणे, या गोष्टी सरकारी दप्तरात रुक्ष दिसतात. पण दोरी कापली गेली ती अशाच रुक्ष तजविजीमुळे.

बन्नेरघट्ट्यातली वेसणीचे व्रण असलेली अस्वले आता म्हातारी झाली आहेत. दर वर्षी त्यांची संख्या घटत जाणार, आणि एक दिवस असा येईल, की नाकावर खाच असलेले एकही अस्वल भारतात उरणार नाही. त्या कुंपणातली जागा रिकामी होणे हेच त्या केंद्राच्या कार्याचे साफल्य होय. आमच्या जत्रांना जाणाऱ्या नव्या पिढीने मात्र एवढे करावे: कोणत्याही मुक्या प्राण्याचा खेळ मांडलेला दिसला, तर पैसा टाकण्यापूर्वी दोरी कोठे बांधली आहे ते वाकून पाहावे, वनखात्याला कळवावे, आणि दोरी धरणाऱ्या माणसाच्या घरी चूल कशावर पेटते, याचीही विचारपूस करावी.